थांबलेल्या मागाचं गाणं

जॉबरमामांनी पहिल्याच भेटीत मला चोर म्हटलं. भर दुपारी सात रस्ता चौकातून स्कूटी दामटत मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पोचले होते. सोलापूरच्या उन्हाधुळीत कुठलीही मुलगी जशी जाते तशी गेले होते, म्हणजे डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून. पाठीवर बेस गिटार. शेडच्या दारात दुमडलेल्या पँटचा, अनवाणी, काटकुळा माणूस उभा होता. "स्टुडिओ हाच का?" मी विचारलं. तो नुसता बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "आदी तोंड सोड, मग बोल. तोंड झाकून चोर बोलतेत."

मी ओढणी सोडली आणि चिडून तेच तिसऱ्यांदा विचारलं.

"हाच की. चप्पल भाईर काढ," मामा म्हणाले आणि आत वळले.

आम्ही तिघं होतो. गाणी लिहिणारा आणि गाणारा नवनाथ मूळचा जेऊरचा. घरची शेती भावांवर सोपवून टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आलेला. ड्रमवर इर्शाद, गॅरेजमध्ये मोटारसायकली दुरुस्त करणारा. तिसरी मी. दिवसा विमा कार्यालयात फॉर्म भरून घ्यायचे आणि संध्याकाळी बेस वाजवायचे. माझे बाबा तीस वर्षं मागावर होते. मी गिटार घरी आणली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "हिला चारच तारा?" एवढंच विचारलं. आपल्याला रॉक बँड काढायचाय हे आम्हाला कळत होतं, पण सोलापुरात गाणी कुठे ध्वनिमुद्रित करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याच्या स्टुडिओत फोन केला तर पलीकडच्या माणसानं आधी आमचे फॉलोअर विचारले.

मामांचा स्टुडिओ म्हणजे यंत्रमागाच्या शेडची पार्टिशन घालून काढलेली अर्धी बाजू. उरलेल्या अर्ध्या बाजूत त्यांच्या मेहुण्याचे आठ माग खडखडत असायचे. मधल्या भिंतीवर आणि छतावर मामांनी सोलापुरी चादरींचे थरच्या थर ठोकले होते. सगळ्या विणकामात चुकलेल्या, विक्रीतून बाद झालेल्या. कुठे मोर अर्धाच, कुठे रंग मधेच बदललेला. त्या चादरी आवाज पुष्कळसा अडवायच्या, तरी खालची एक घरघर यायचीच. मामांनी तिथे ध्वनिमुद्रित केलेल्या प्रत्येक भजनाच्या, प्रत्येक लग्नगीताच्या तळाशी ती घरघर आहे.

त्यांचा मुख्य धंदा रिक्षावरच्या जाहिरातींचा. चादरींचा सेल, नेत्ररोग शिबिर, निवडणूक. त्यांची जाहिरात लावलेली रिक्षा गल्लीत शिरली की झोपलेली कुत्री उठून उभी राहायची. एवढा तिखट आवाज दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीचा नसे. लोक म्हणत, मामांच्या हाताला धार आहे.

त्याआधी बावीस वर्षं मामा जॉबर होते. जॉबर म्हणजे शेडमधला माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. "बावीस वर्सं आवाजात काढली," ते म्हणायचे, "आता आवाज माज्या हातात पायजे." घर तेलुगू, बाहेरची भाषा सोलापुरी, आणि संगीताची परिभाषा सगळी मागावरची. बेस म्हणजे ताणा, कापडातले उभे धागे. गाणं म्हणजे बाणा, आडवे. "अक्का, ताणा ढिला हाय," असं म्हणाले की मी मुकाट्यानं तारा पिळायचे. नवनाथचा श्वास तुटला की "कांडी संपली बे तुजी, दुसरी घाल." कांडी म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी. नोटेशन, सूर, ताल यांतला एकही शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. आणि तरी त्यांनी दाखवलेली चूक कधी खोटी निघाली नाही. निदान खालच्या सुरातली तरी.

कौतुक त्यांना जमत नसे. फार झालं तर "चालतंय." आमच्या बँडला नावही त्यांनीच दिलं. पहिल्या दिवशी आमचं वाजवून झाल्यावर त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "काय बे, सेकंड माल हाय का समदा?" इर्शाद एवढा हसला की त्याच्या हातातली काठी पडली. तेव्हापासून आम्ही 'सेकंड माल', म्हणजे विणताना चुकलेला, बाद ठरलेला.

त्यांच्या तऱ्हा आम्ही तऱ्हा म्हणूनच घेतल्या. स्टुडिओत कुणीही चप्पल घालायची नाही, त्यांनी तर नाहीच. उन्हाळ्यात तापलेल्या आणि थंडीत गारठलेल्या शहाबादी फरशीवर ते अनवाणी उभे. आम्हाला वाटायचं, स्टुडिओला देऊळ मानतात. सुरुवातीचे आकडे नेहमी तेलुगूत. चार बोटं वर करायचे आणि म्हणायचे, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू." आणि वाजवताना प्रत्येकानं त्यांच्या हाताकडेच पाहायचं. शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला पोचत नाही. तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. मामा स्टुडिओही तसाच चालवायचे. तळहात वर म्हणजे थांबा, खाली केला की चालू. मी एकदा सूर तपासताना डोळे मिटले, तर टेबलावर थाप पडली. "डोळं मिटून दाढ काढतेत, अक्का. हितं माज्याकडं बगायचं."

सगळ्यात विचित्र गोष्ट सुट्टीची. आठवड्यातून एक दिवस माग बंद असायचे. शहाण्या माणसानं नेमक्या त्याच दिवशी ध्वनिमुद्रण केलं असतं. मामा त्या दिवशी स्टुडिओला कुलूप लावायचे. "बंद शेडमधी माजा हात चालत न्हाय," म्हणायचे. आणि जायचे कुठे? तर सात रस्त्याजवळच्या मित्राच्या पिठाच्या गिरणीत. दिवसभर गिरणी चालू असायची आणि मामा भुवयांवर पीठ घेऊन स्टुलावर बसलेले असायचे. ऑफिसातून येताजाता मी त्यांना पाहायचे आणि मान हलवून पुढे जायचे. एखाद्याला असते सवय, असं वाटायचं.

आमचं गाणं होतं 'ये की'. नवनाथनं ते कारखान्यात, मालाच्या पावतीमागे लिहिलेलं. पाळी सुटल्यावर एक मुलगा फाटकाशी सायकल धरून थांबलाय आणि एकीला बोलावतोय, एवढीच गोष्ट. 'ये की, ये की' हे पालुपद.

त्या दुपारी आम्ही ते अकराव्यांदा वाजवत होतो. दहा वेळा काही ना काही चुकलं होतं, या वेळी मात्र सगळं बसलं होतं. नवनाथचा आवाज मोकळा सुटला होता आणि मी स्वतःला विसरून वाजवत होते, जे माझ्या बाबतीत वर्षातून एकदा होतं. शेवटचं पालुपद आलं. नवनाथ पहिलं 'ये की' म्हणाला, आणि मामांचा तळहात झटक्यात वर गेला.

तिघंही जागच्या जागी थांबलो. एवढे दिवस शिकवलेलंच तसं होतं. मामा अर्धे उठून दाराकडे वळले होते. मग त्यांना आपण कुठे आहोत याची आठवण झाली असावी. चेहरा कसनुसा झाला आणि हात खाली आला. हात खाली म्हणजे चालू. इर्शादची काठी ड्रमवर पडली, माझं बोट तारेवर पडलं, नवनाथनं दुसरं 'ये की' असं काही उचललं की माझ्या अंगावर काटा आला. गाणं शेवटपर्यंत गेलं.

झालं होतं ते असं. पलीकडच्या शेडमध्ये मागाचा धागा तुटून एक माग थांबला होता. आठातला एक. आम्हाला कुणालाही पत्ता नव्हता. मामांना तो कळला, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं जॉबर माग बघायला उठला.

"परत घ्या," ते म्हणाले. असे ओशाळलेले मामा मी पाहिले नव्हते. "माजी चूक हाय."

नवनाथ हेडफोन लावून ती जागा पुन्हापुन्हा ऐकत होता. "मामा, ऱ्हाऊ द्या की ते. लई भारी वाटतंय. मानूस बोलवायला जातोय अन् घशातच अडकतंय, तसं."

"थांबलेल्या मागाचं कापड हाय ते. मधी पट्टा दिसतोय. सेकंडमधी जातंय."

"मग आपलं नाव काय हाय?" नवनाथ म्हणाला.

इर्शाद हसला, मीही हसले, मामा हसले नाहीत. माग थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर त्या जागी आडवा पट्टा उमटतो, आणि तो पट्टा जॉबरच्या नावानं ओळखला जातो. असं कापड त्यांनी आयुष्यात आपल्या हातून बाहेर जाऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्रावर तो दोन मात्रांचा खंड कापून गाणं जोडून टाकलं. जोड इतका सफाईचा की कुणाला कळला नसता. गाणंही मग कुणाला कळलं नसतं, इतकं ते चारचौघांसारखं झालं.

त्याहून मोठी अडचण पुढे होती. मामांनी सगळं मिसळून तयार केलेलं गाणं इर्शादनं ऐकलं आणि मला फोन केला. "अक्का, ये क्या है? झांज कानां फाड री. मामा कू तू बोल, मेरी हिम्मत नै."

मी ऐकलं. खरंच, ड्रमच्या झांजा कानात सुया टोचल्यासारख्या. नवनाथचा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा. मामांच्या रिक्षाच्या जाहिरातीसारखं गाणं झालं होतं. मी तशीच ऑफिसातून निघाले. शेडमध्ये पोचले तेव्हा मामा यंत्रासमोर बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन म्हणाले, "मामा, झांज फार टोचतीय."

ते प्रसन्न हसले. "आदी तोंड सोड."

मी गाठीला हात घातला आणि तिथेच थांबले. का कोण जाणे, ओढणीआडूनच अगदी सावकाश म्हणाले, "मामा, शेडला आग लागलीय."

"सोड की ते, अक्का. किती गं तुजं नाटक," मामा म्हणाले. अजून हसतच होते.

मला ती गाठ सोडवेना. एकदाची ओढणी सुटली तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना कळलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"शेड सोडायच्या आदीपासनं. वरचं समदं गेलंय. पाखरं, सायकलची घंटी, कुकरची शिट्टी. नात बोलती तेबी." त्यांनी आपले अनवाणी पाय जरा पुढे केले. "खालचं हाय. तुजी गिटार मला तळपायातनं येती. पलीकडचा माग तितनंच कळतोय. पर माग बंद असलं की कानात नुसती शिट्टी वाजत ऱ्हाती, डोकं फिरतंय. म्हून गिरणीत जातो."

खरं सांगते, पहिला विचार माझ्या मनात त्यांचा आला नाही, आमच्या गाण्याचा आला. हा माणूस ऐकू न येता आमचं गाणं तयार करत होता, आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. मी तसं बोललेही. जोरात बोलले. ते माझ्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे जोरात बोलण्याला काही अर्थ नव्हता.

"सांगून काय करू?" ते म्हणाले. "जॉबर म्हणून हात थकल्यालं. ह्ये एक काम हाय ज्येच्यासाठी सकाळी उटतोय मी. बहिऱ्याकडं गाणं घिऊन कोन यील, अक्का?"

मी पहिल्या भेटीत विचारलं असतं आणि त्यांनी खरं सांगितलं असतं, तर मीही स्कूटी परत फिरवली असती.

इर्शादला आणि नवनाथला बोलावलं, सगळं सांगितलं. इर्शाद स्टूल ओढून मामांच्या समोर बसला, हेडफोन लावला आणि तळहात पुढे धरला. मामांनी झांजेच्या बटणावर बोट ठेवलं. इर्शादचा हात खाली गेला, मामांनी बटण कमी केलं. हात आणखी खाली, बटण आणखी कमी. हात थांबेचना. शेवटी तो फरशीला टेकायला आला तेव्हा मामा घाबरून म्हणाले, "एवडं? एवडं वर हुतं?"

"व्हय मामा."

"म्हंजी रिक्षाच्या जाहिराती..."

"कुत्री उठती थी, मामा," इर्शाद गंभीरपणे म्हणाला.

मामा हसायला लागले. पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आन मी म्हनायचो, लोकं माज्या हाताला धार हाय म्हंतेत!" त्या हसण्यातलं पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

पुढचे चार दिवस ते दोघं तसेच बसले. वरचं इर्शादच्या हातानं, खालचं मामांच्या पायानं. चौथ्या दिवशी मामांनी आपणहून कापलेला खंड परत जागेवर लावला. "माजी एक चूक झाकायला तुमी तिगं उभं ऱ्हायला. ही दुसरी ऱ्हाऊ दे उगडी," म्हणाले. अट एकच. कुठेही त्यांचं नाव टाकायचं नाही. नाव आलं की लोक शोधत येणार, आले की बोलणार, बोलले की कळणार. आम्ही शब्द दिला.

'ये की' आम्ही नवनाथच्या फोनवरून, शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून प्रसिद्ध केलं. आठवडाभर काही झालं नाही. मग टॉवेलच्या कारखान्यातल्या बायकांनी त्या दोन मात्रांच्या खंडावर एक रील केलं. धावपळ करत येतात, 'ये की', आणि सगळ्या जागच्या जागी पुतळा. पुन्हा 'ये की', की धूम. एवढंच. पण महिनाभरात हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या गॅदरिंगला पोरं पुतळे होत होती. जेऊरहून नवनाथच्या आईचा फोन आला, स्टेशनवर पोरं तुझ्या गाण्यावर थांबतेत म्हणून. पुण्याच्या त्या स्टुडिओतूनही फोन आला. या वेळी फॉलोअर विचारले नाहीत. गाण्याच्या सुरुवातीला येणारं 'ओकटी, रेंडू' कुणाचं, आणि तो खंड सुचला कुणाला, हेच सगळे विचारायचे. आम्ही आधी गप्प बसायचो. मग खोटं बोलायला लागलो. बाहेरच्या एका माणसानं केलंय, म्हणायचो. प्रत्येक मुलाखतीनंतर नवनाथ म्हणायचा, "पाप हाय हे." मामांना सांगितलं की ते म्हणायचे, "चालतंय."

मग आमच्या भागातल्या मंडळानं सत्कार ठरवला. मंगल कार्यालय, तीनचारशे लोक, बहुतेक सगळे मागावरचे, काही अजून कामावर, बरेच थकून घरी बसलेले. सहाव्या रांगेत माझे आईबाबा. मामा सगळ्यांत मागे, खांबाला टेकून. व्यासपीठावर मागे भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर आमचे तिघांचे फोटो, आणि खाली लाल अक्षरांत 'पुणे येथे ध्वनिमुद्रित सुपरहिट गाण्याचे मानकरी'. आमच्या खोट्याला कुणीतरी पाय फोडले होते. तो फ्लेक्स मी पाहिला आणि मला खुर्चीत बसवेना.

निवेदक आमच्या गळ्यात हार घालत असताना मामा मधल्या वाटेनं चालत आले. पायऱ्या चढले. निवेदकाच्या हातून माईक घेतला आणि फ्लेक्सकडे बोट केलं.

"पुण्यात न्हाय," ते म्हणाले. "हितं. अक्कलकोट रोडला. मी केलंय."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. इथे ते थांबले असते तर सगळं नीट झालं असतं. नाव झालं होतं, गुपित गुपितच होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, मामा, खाली उतरा आता. ते उतरले नाहीत.

"पर एकट्यानं न्हाय," ते म्हणाले. इर्शादकडे बोट केलं. "अर्दं गाणं ह्येच्या कानानं केलंय. मला ऐकू येत न्हाय."

निवेदक माईककडे हात नेऊन तसाच उभा. नवनाथनं मान खाली घातली. तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक म्हातारा कानामागे हात धरून ओरडला, "काय म्हनला? मोट्यानं बोल की बे, ऐकू यीना!"

लोक हसले. मामांना हसू ऐकू आलं नसावं, चेहरे दिसले असावेत. त्यांनी माईक तोंडाला लावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मला ऐकू येत न्हाय!"

म्हातारा उठून उभा राहिला. "मंग मलाबी न्हाय!" तो म्हणाला. भांडायला उठल्यासारखा म्हणाला.

"मलाबी न्हाय," डावीकडून कुणीतरी म्हणालं. मग मागून एक बाई, जिनं आयुष्यभर कांड्या भरल्या होत्या. मग दोघं एकदम. आता कुणी हसत नव्हतं. सभागृहात ठिकठिकाणी माणसं उठत होती, 'मलाबी' म्हणत होती, काही तेलुगूत, काही कानडीत, आणि शेजारी बसलेले त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं त्यांच्याकडे वळून बघत होती. मामा माईक धरून एकेकाकडे पाहत होते.

मी सहाव्या रांगेकडे पाहिलं. बाबा उठले नव्हते. हात मांडीवर ठेवून समोर बघत होते, आणि त्यांचे ओठ हलले. एवढ्या गलक्यात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ते 'मलाबी' होतं. घरात टीव्ही एवढा मोठा का लावता म्हणून ज्या माणसाशी मी गेली कित्येक वर्षं भांडत होते, रागानं रिमोट हिसकावून घेत होते, त्याच्याकडे मला त्या व्यासपीठावरून बघवेना.